विवेकवर्धिनीचे दप्तर

हैदराबादच्या जामबागेतील विवेकवर्धिनी ही संस्था 1907 सालची. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर प्रभृतींच्या पुढाकाराने ती उभी राहिली. कारभाराची भाषा उर्दू आणि 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच, अशा निजामी राज्यात तिने मराठी मुलांना स्वभाषेतून शिकविले. अशा शंभरी ओलांडलेल्या शाळांची जुनी दप्तरे संगणकीय स्वरूपात जतन करावीत, हा विचार आम्हांस मनापासून मान्य आहे. मात्र त्यासाठी सांगितली जाणारी कारणे अपुरी वाटतात. हजेरीपटावर आजोबांचे नाव पाहून नातवाला गहिवरून येईल हे खरे. पण तेवढ्यासाठीच हा खटाटोप असेल, तर एखाद्या स्मरणिकेवरही भागेल.

नोव्हेंबर 1921 मधील एक प्रसंग पाहा. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली विवेकवर्धिनीच्या वास्तूत निजाम राज्य सामाजिक परिषद भरली होती. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणे श्रोत्यांनी निमूटपणे ऐकली. अल्लमपल्ली व्यंकटरामराव हे वकील तेलुगूत बोलू लागताच मात्र सभेत हुर्यो उडाली. हा अपमान तेलुगू मंडळींच्या जिव्हारी लागला आणि त्यातून तत्काळ आंध्र जनसंघाचा जन्म झाला. पुढे आंध्र महासभा व तेलंगणाचे शेतकरी आंदोलन याच प्रवाहातून वाढले. तेलंगणात हा प्रसंग शाळकरी मुलेही वाचतात. मराठी वाचकाला तो क्वचितच ठाऊक असतो! स्वभाषेसाठी झगडणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या भाषेची टर उडवावी, हे आपल्याला अडचणीचे वाटते म्हणून आपण ते विसरलो, असे म्हणणे भाग आहे. अशा वेळी संस्थेची इतिवृत्ते, हिशेब आणि पत्रव्यवहार हीच खरी साक्ष असते. गौरवग्रंथात जे गाळले जाते, ते कित्येकदा दप्तरात राहून गेलेले असते.

सरकारी कागदांना निदान वाली आहे. हैदराबादेत तारनाका येथील राज्य अभिलेखागारात शहाजहान-औरंगजेबाच्या काळातील दीड लाखांवर कागद सांभाळलेले आहेत. खासगी शाळेच्या कपाटाची किल्ली मात्र शिपायाकडे असते आणि रंगरंगोटीच्या वेळी रद्दी काढली जाते. त्यातून जामबाग मुसी नदीपासून फारशी दूर नाही. 28 सप्टेंबर 1908 च्या महापुरात या नदीने हजारो माणसे गिळली. ऑक्टोबर 2020 मध्येही शहराने पाणी पाहिले. आमच्या किनाऱ्यावर पूर नसला तरी पावसाळ्यातील बुरशी आणि वाळवी आहेच. पणजीत 1908 साली निघालेल्या, जिच्या नावातच मूठमूठ वर्गणी आहे त्या मुष्टिफंड संस्थेसारख्या शाळा परकी सत्तेखाली जगल्या. त्यांच्या पिढीचे कागदही याच धोक्यात आहेत.

तथापि भ्रमणध्वनीवर पाने टिपली म्हणजे जतन झाले, असे कोणी समजू नये. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने भरलेल्या तबकड्या आज कितीजणांना उघडता येतात? प्रती निरनिराळ्या गावी ठेवाव्या लागतात, ठरावीक वर्षांनी नव्या साधनांवर उतरवाव्या लागतात आणि मूळ कागद फेकून चालत नाही. त्याहून अवघड काम सूचीचे. निजामी राज्यातील कागद म्हटला की फसली सन आला, इसवी सनासाठी त्यात सुमारे 590 मिळवावे लागतात. उर्दू शेरे आले, कोठे मोडीही येते. मराठी, उर्दू आणि तेलुगू तिन्ही सहज वाचणारी जुनी हैदराबादी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. यंत्र पुढील वर्षीही मिळेल, ही माणसे मिळणार नाहीत. म्हणून खर्चाचा मोठा वाटा यंत्रापेक्षा या जाणकारांच्या मानधनावर पडला तरी आमची तक्रार नाही.

अलीकडच्या प्रवेशनोंदी सर्वांस खुल्या करू नयेत. त्यांत जिवंत माणसांच्या जाती, पत्ते असतात. 1956 मध्ये हैदराबाद राज्याचे विभाजन होईपर्यंतचे कागद प्रथम घ्यावेत. त्यांतही आरंभ 1921 च्या कागदांपासून करावा. त्या परिषदेविषयीचे पान सापडले, तर त्याच्या तेलुगू भाषांतरासह ते खुले करावे. आणि पान नसेल, तर ते नाही एवढी नोंद तरी सूचीत यावी.