पेंढ्यातील शर्करेचे मोल

हरियाणात भाताची कापणी आटोपली, की त्याच शेतात लगोलग गहू पेरावयाचा असतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत शेत मोकळे करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पेंढा पेटवून देणे. त्याचा धूर दिल्लीपर्यंत पोहोचतो. या पेंढ्यात दडलेल्या शर्करेपासून इथेनॉल तयार करण्याचा प्रकल्प इंडियन ऑइलने हरियाणातच पानिपत येथे उभारला. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर आधारलेला, ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा हा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला.

उसाच्या मळीतील शर्करेचे यीस्टच्या साहाय्याने सहज किण्वन होते. पेंढ्याचे तसे नाही. त्यातील शर्करेचे रेणू सेल्युलोज व हेमिसेल्युलोज यांच्या साखळ्यांत बांधलेले असून त्यांभोवती लिग्निनचे चिवट आवरण असते. म्हणून पेंढा बारीक करून आम्ल, वाफ व दाब यांच्या योगे प्रथम सैल केला जातो. त्यानंतर विकरे, म्हणजेच एन्झाइम, त्या साखळ्या तोडून शर्करा मोकळी करतात. पुढे किण्वन, ऊर्ध्वपातन आणि उरलेल्या पाण्याचा अंश काढणे, असे टप्पे येतात. शिल्लक राहिलेले लिग्निन बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळविता येते.

या सर्व खटाटोपाचे फळ किती? १०० किलो ग्लुकोजपासून सिद्धान्ततःही ५१ किलोंहून अधिक इथेनॉल मिळत नाही. उरलेला भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. पानिपतचे नियोजन वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि ३ कोटी लिटर इथेनॉल असे आहे. म्हणजे एका टनामागे सुमारे १५० लिटर.

खरी कसोटी मात्र कारखान्याच्या फाटकाबाहेर लागते. पेंढा वजनाला हलका, आकाराने अवाढव्य. वर्षभराचा साठा मोजक्या आठवड्यांत गोळा करून, गठ्ठे बांधून, पाऊस व आगीपासून जपावा लागतो. साहजिकच खेळते भांडवल महिनोन्‌महिने पेंढ्यातच अडकून राहते. मळीवर चालणाऱ्या प्रकल्पापेक्षा यंत्रसामग्रीचा खर्चही अधिक. म्हणूनच केंद्र शासनाने २०१९ मध्ये अशा प्रकल्पांसाठी 'प्रधानमंत्री जी-वन योजना' आणली व २०२४ मध्ये तिची मुदत २०२८-२९ पर्यंत वाढविली.

अशा प्रकल्पाचा कर्जप्रस्ताव तपासताना यंत्रांच्या क्षमतेइतकेच महत्त्व कच्च्या मालाच्या करारांना, साठवणुकीला आणि विम्याला द्यावे लागते. गठ्ठे बांधणारे यंत्र वेळेवर बांधावर पोहोचले आणि चार पैसे हाती पडले, तरच शेतकरी पेंढा देईल; अन्यथा पेरणी त्याच्यासाठी थांबणार नाही आणि काडेपेटी तर हाताशी असतेच. त्या दोन-तीन आठवड्यांत शेतकऱ्याला दिलेला शब्द पाळला जातो की नाही, यावरच पेंढ्याचे इंधन होणार की धूर, हे ठरते.