सागरी मापन आणि जहाजाची वजाबाकी

भूमीवरील वेधशाळा एका जागी स्थिर असते. सागरावरील वेधशाळा म्हणजे जहाज. ते चालते, डोलते, धूर सोडते आणि बहुधा पोलादाचे असते. म्हणून यंत्राने दाखविलेल्या आकड्यातून जहाजाचा वाटा वेगळा काढल्यावाचून सागराविषयी काहीच निश्चित सांगता येत नाही.

गुरुत्वाकर्षणाचे उदाहरण बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन संशोधकांनी चालत्या जहाजांवरून गुरुत्व मोजले. पूर्वेकडे जाताना ते कमी आणि पश्चिमेकडे जाताना अधिक भरते, हे हंगेरीचे पदार्थवैज्ञानिक एट्व्हश यांच्या ध्यानात आले. पूर्वगामी जहाजाच्या वेगात पृथ्वीच्या परिवलनाचा वेग मिळतो व केंद्रोत्सारी परिणाम वाढतो, हे त्याचे कारण. १९०८ साली काळ्या समुद्रात विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन जहाजांवर याची प्रचीती घेण्यात आली. विषुववृत्तावर ताशी १० सागरी मैल वेगाने पूर्वेस जाणाऱ्या जहाजावर हा फरक सुमारे ७५ मिलिगॅल भरतो. सागरतळाच्या रचनेमुळे पडणारे फरकही पुष्कळदा एवढेच असतात.

चुंबकत्वाच्या बाबतीत जहाजच बदलण्यात आले. १९०९ साली अमेरिकेत बांधलेल्या ‘कार्नेगी’ या लाकडी नौकेत लोखंड जवळजवळ वर्ज्य होते. पुढे चुंबकत्वमापक लांब दोरखंडाने जहाजामागे ओढण्याची पद्धत रूढ झाली.

वायूंचे मापन याहून नाजूक आहे. हवेचा नमुना धुराड्यापासून दूर, वाऱ्याच्या बाजूने घ्यावा लागतो. सागरजल जहाजाच्या बुडाजवळून आत घेऊन समतोलपात्रात फवारतात. पात्रातील हवा जलातील वायूशी समतोलात आली की तिच्यातील कार्बन डायॉक्साइड अवरक्त किरणांच्या साहाय्याने मोजतात. मात्र नळांतून येताना पाणी तापते. एक अंश सेल्सिअसने तापमान वाढल्यास या वायूचा आंशिक दाब सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणून पाणी आत घेण्याच्या जागी व पात्रात अशी दोन्हीकडे तापमाने नोंदवून दुरुस्ती करतात.

ही दुरुस्ती क्षुल्लक नव्हे. सागर वायू शोषतो की सोडतो, हे जल व हवा यांतील दाबांच्या फरकावरून ठरते, आणि तो फरक अनेकदा ४ टक्क्यांहूनही कमी असतो. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात अरबी समुद्राच्या पश्चिम भागात खोलातील थंड, वायुसमृद्ध पाणी वर येते व हा समुद्र वायू सोडतो. जेथे फरक असा ठळक नसतो, तेथे नळातील एका अंशाची उपेक्षा केल्यास शोषणारा सागर कागदावर वायू सोडणारा ठरेल.