धूर शिरला वॉर्डात, रुग्ण कुठे पळणार?

शनिवार, १७ एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. एक खाट मिळावी म्हणून नातेवाईकांची दारोदार वणवण चालली होती. त्या दिवशी रायपूरच्या पचपेढी नाका भागातल्या राजधानी रुग्णालयात आग लागली. खाट मिळाली म्हणून ज्यांच्या घरच्यांनी देवाचे आभार मानले असतील, अशा किमान पाच रुग्णांचा त्यात अंत झाला. बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, धुरानं घेतला.

संकट आलं की माणूस रुग्णालयाकडे धावतो. पण संकट रुग्णालयातच आलं तर? घराला आग लागली की घरातली माणसं बाहेर पळतात. रुग्णालयात मात्र कुणाच्या हाताला सलाइन, कुणाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. पळायचं म्हटलं तरी पळणार कसं?

अतिदक्षता विभागात तर धोका जास्तच. तिथली यंत्रं रात्रंदिवस सुरू असतात. जुन्या वायरिंगवर नव्या उपकरणांचा भार पडत जातो. हवेत ऑक्सिजन वाढला की चादर, गादी, प्लास्टिक झपाट्यानं पेटतं. एसीसाठी खिडक्या बंद, त्यामुळे धूर आतच कोंडतो. २०११ साली कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात नव्वदच्या आसपास माणसं गेली, तीही प्रामुख्यानं धुरामुळेच.

हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं रुग्णालयांच्या सुरक्षेसाठी २०१६ मध्येच मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. राजकोटच्या करोना रुग्णालयातील आगीनंतर सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये बजावलं, की करोना रुग्णालयांची अग्निसुरक्षा तपासणी करा आणि प्रत्येक रुग्णालयात त्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा. त्यानंतर महिनाही लोटला नाही, तोच ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. मग एप्रिलमध्ये रायपूर आणि सहाच दिवसांत विरार!

मग नेमकं कमी पडतं काय?

हातांना सवय हवी

भिंतीवर लाल नळकांडं टांगलेलं असतं, पण त्याची पिन कशी काढायची हे रात्रपाळीच्या परिचारिकेला कुणी शिकवलेलं असतं का? दुसरा जिना असतो, पण त्याच्या दाराला कुलूप आणि पायऱ्यांवर मोडक्या खाटा! आराखडा फायलीत असून भागत नाही, तो हातात उतरावा लागतो. आणि त्यासाठी एकच उपाय आहे, तो म्हणजे वारंवार सराव.

सरावात शिकवतात ते अगदी साधं आहे. आधी धोक्याच्या जवळचे रुग्ण हलवा, लगेच इशारा द्या, दार लावून आग आणि धूर तिथेच कोंडा आणि आग लहान असेल तरच विझवण्याचा प्रयत्न करा. लिफ्ट वापरायची नाही. सगळ्यांना एकदम जिन्यावरून खाली न्यायचं नाही, तर शक्यतो त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या सुरक्षित भागात न्यायचं. चालू शकणाऱ्यांना वाट दाखवायची, खाटेला खिळलेल्याला चादरीसकट ओढत न्यायचं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णासाठी लहान सिलिंडर आणि हातानं दाबायची श्वासाची पिशवी खाटेशीच हवी. शोधाशोधीला वेळच नसतो.

कधी कधी एकटीचं प्रसंगावधानही कामी येतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाची दारं लावून, दिवे मालवून वीस गरोदर स्त्रियांना एका लहानशा खोलीत सुरक्षित ठेवलं. त्यांच्या धैर्याला तोड नाही. पण प्रत्येक पाळीला अशी अंजली असेलच, या भरवशावर रुग्णालय चालवता येत नाही.

रायपूरचीच दुसरी घटना पाहा. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी शहरातल्या सर्वात मोठ्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे लोक ज्याला 'मेकाहारा' म्हणतात त्या डॉ. आंबेडकर रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहाला आग लागली. धुराचे लोट उठले. खिडक्यांच्या काचा फोडण्यात आल्या, रुग्णांना हलवण्यात आलं आणि एकही जीव गेला नाही. आग लागणं नेहमीच टाळता येतं असं नाही, पण माणसं वेळेवर बाहेर काढता येतात!

तुम्ही काय कराल?

आपल्याकडे बहुतेक रुग्णांजवळ घरचं कुणीतरी असतंच. ही माणसं गोंधळली तर वाट अडते. सावध असली तर तेवढेच मदतीचे हात वाढतात. म्हणून आपलं माणूस दाखल केलंत की फळं-बिस्किटं ठेवून झाल्यावर एक फेरी मारा. दुसरा जिना कुठे आहे? त्याचं दार उघडतं का? खाटेपासून तिथवर वाट मोकळी आहे का? कुलूप दिसलं तर सिस्टरांना विचारा, त्यांच्याकडे उत्तर नसेल तर वरिष्ठांकडे जा.

विचारायला संकोच वाटेल. पण धूर भरल्यावर कुलपाची किल्ली शोधण्यापेक्षा तो संकोच परवडला.