लढाऊ विमाने पाहावीत कुठून? फोटो काढावेत कुठून?

वस्तीवरून लढाऊ विमान गेले की मुले जेवणाचे ताट सोडून गच्चीवर धावतात. पुण्यात धानोरी, विश्रांतवाडी, लोहगाव आणि नाशिकजवळ ओझर या भागांत हे नेहमीचेच आहे. लोहगावच्या तळावर १९९७ साली सुखोई-३० विमाने वायुदलात दाखल झाली. ओझरच्या एच.ए.एल. कारखान्यात मिग आणि सुखोई तयार झाली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे तयार झालेल्या तेजस मार्क-१ए विमानाने पहिले उड्डाण केले. ज्यांच्या डोक्यावरून ही विमाने जातात त्यांत आपली कष्टकरी घरेही आहेत. कामानिमित्त आम्ही वस्त्यांत फिरतो, तेव्हा हातात मोबाईल असलेली मुले हमखास विचारतात, "जवळून फोटो कुठून मिळेल?" या प्रश्नाला नीट उत्तर दिले नाही, तर मुले आपल्या मनाने तळाच्या भिंतीपाशी जातात.

भिंतीपाशी जाऊ नका

म्हणून आधी कायदा. वायुदलाचा तळ हे शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ प्रमाणे निषिद्ध ठिकाण आहे. देशाच्या सुरक्षेला बाधक ठरेल असा तेथील फोटो किंवा नकाशा काढणे हा गुन्हा असून संरक्षण ठिकाणांच्या बाबतीत चौदा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आपल्या घरावरून जाणारे विमान डोळ्यांनी पाहण्यास कुणाची हरकत नाही. पण धावपट्टी, उभी विमाने, पहारा, फाटक यांवर कॅमेरा रोखू नये, व्हिडिओ काढून पुढे पाठवू नये. त्या परिसरात ड्रोन तर उडवूच नये.

मोठ्या घरच्या मुलाला समज देऊन सोडले जाते. आपल्या मुलाचा दिवस चौकीत जातो, बापाचा खाडा पडतो, आणि पुढे सरकारी नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत तीच गोष्ट आडवी येते. एका फोटोसाठी एवढी किंमत मोजू नये.

मग पाहावे कुठे?

जिथे वायुदल आणि नौदल स्वतः जनतेला बोलावतात, तिथे. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुदलाच्या कसरती झाल्या. नागपूरच्या वायुसेनानगरात नोव्हेंबर २०२२ मध्ये 'एअर फेस्ट' झाला. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाचा सोहळा मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. वायुदल दिन ८ ऑक्टोबरला असतो. बंगळूरजवळ येलहंका तळावर १९९६ पासून दर दोन वर्षांनी 'एरो इंडिया' भरते, मात्र तिथे तिकीट लागते. अशा कार्यक्रमांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आधी येतात, त्यांवर लक्ष ठेवावे.

यातला 'सूर्यकिरण' संघ पाहण्यासारखा आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या या संघाची नऊ हॉक विमाने एकमेकांना जवळजवळ खेटून उडतात. 'सारंग' हा ध्रुव हेलिकॉप्टरांचा संघ आहे.

जागा कशी निवडावी?

पहिला नियम, सूर्य पाठीशी हवा. सूर्य समोर असला की विमान नुसते काळे दिसते. मरीन ड्राइव्हचेच पाहा. जानेवारीत भर दुपारी सूर्य दक्षिणेला असतो. गिरगाव चौपाटीच्या टोकाला उभे राहून समुद्राकडे पाहिले तर ऊन डोळ्यांवर येते. नरिमन पॉइंटच्या टोकाला उभे राहून चौपाटीच्या दिशेला पाहिले तर ऊन पाठीवर राहते. कोकणच्या किनाऱ्यावर संध्याकाळी सूर्य समुद्राच्या बाजूला असतो, म्हणून तिथे रंगीत तपशिलाची आशा न धरता मावळतीपुढची काळी आकृती टिपावी.

दुसरा नियम, कसरतींचा मध्य प्रेक्षकांच्या मुख्य मंचासमोर असतो, त्यामुळे त्याच्या जितके जवळ तितके चांगले. तिसरा, आवाज येतो तिकडे पाहू नये. जेट विमान आपल्या आवाजाच्या पुढे निघून गेलेले असते, नजर पुढे ठेवावी.

कॅमेरा असल्यास जेटसाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जलद ठेवावा. हेलिकॉप्टरला अडीचशेवा भाग पुरे, म्हणजे पाती फिरताना दिसतात. मोबाईलवर झूम फार ताणू नये. एकटे विमान त्यात ठिपक्याएवढे येते, पण नऊ विमानांची रांग आणि त्यांचा धूर छान येतो.

आणि गर्दीचे भान ठेवा. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावरील कार्यक्रमाच्या दिवशी ऊन आणि गर्दी यांत पाच जण मरण पावले. पाणी, टोपी, भाकरी बरोबर न्या. म्हातारी माणसे आणि तान्ही बाळे सावलीत ठेवा. परतताना पहिल्याच गाडीसाठी धावू नका.

उभी विमाने जवळून पाहायची असतील तर गोव्यात बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॅरियरसारखी निवृत्त विमाने ठेवलेली आहेत. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्यांनी मुलांना ते जरूर दाखवावे.

धम्म आणि युद्धविमान

काही बांधव विचारतील, बुद्धाच्या लेकरांना युद्धाच्या यंत्राचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. हे विमान माणसे मारण्यासाठीही वापरले जाते, हे मुलांपासून लपवू नये. पण ते ज्या गणिताने आणि विज्ञानाने उडते, ते कुणा एका जातीचे नाही, हेही सांगावे. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. पायदळाची दारे तेव्हा झगडून उघडावी लागली.

आज खडकवासल्याच्या एन.डी.ए.मध्ये २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. ३० मे २०२५ रोजी तिथून सतरा मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. वायुदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. गच्चीवर धावणाऱ्या आपल्या मुलीला दहावीनंतर हे विषय घेऊ द्या. विमान पाहण्याची सर्वात चांगली जागा त्याच्या आतली आहे, आणि तिथे पोहोचण्याचा रस्ता शाळेतून जातो.

जयभीम!