सायकलस्वाराचे हातमोजे : एका छोट्या खरेदीचे अर्थशास्त्र

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बेंगळुरू शहरात डिसेंबर-जानेवारीतील सरासरी किमान तापमान १५ ते १६ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. निफाडच्या मानाने ही थंडी सौम्यच म्हणावी लागेल. तरीही इंदिरानगरच्या शंभर फुटी रस्त्यावरून पहाटे सायकलने कामावर जाणाऱ्याची बोटे गारठतात.

याचे कारण वाऱ्यात आहे. हवा स्थिर असताना त्वचेलगत उबदार हवेचा पातळ थर टिकून राहतो. ताशी २० किलोमीटर वेगाने सायकल चालविल्यास, वारा पडलेला असला तरी, समोरून तेवढ्याच वेगाचा झोत लागतो आणि हा थर उडून जातो. सायपल आणि पॅसेल या अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकावरील प्रयोगांच्या आधारे १९४५ मध्ये या परिणामाचे मोजमाप मांडले. सध्याच्या सूत्रानुसार १० अंश तापमानात ताशी २० किलोमीटरचा वारा असल्यास उघड्या त्वचेला सुमारे ७ अंशांइतकी थंडी जाणवते. हे सूत्र १० अंश व त्याखालील तापमानासाठीच आहे; त्यामुळे बेंगळुरूच्या नेहमीच्या थंडीला ते लागू पडत नाही. तत्त्व मात्र तेच.

गारठ्यात शरीर आपली उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या त्वचेकडील रक्तपुरवठा कमी करते. बोटे ताठरली की ब्रेक दाबण्यास विलंब होतो. म्हणजेच प्रश्न केवळ सुखसोयीचा नसून सुरक्षिततेचा आहे.

अशा हवामानात जाड हातमोजे घेणे बहुधा चुकीचे ठरते. काही वेळातच तळहात घामेजतात आणि ब्रेकवरील पकड सैल होते. येथे ऊब साठविण्यापेक्षा वारा अडविणे महत्त्वाचे असते. पातळ, पण घट्ट विणीचा मोजा त्यासाठी पुरेसा होतो. सुती कापड ओले झाले की ऊब गमावते. लोकर त्या मानाने ती टिकविते. मात्र मोजा फार घट्ट असल्यास रक्ताभिसरणच रोखले जाते.

वेष्टनावरील दाव्यांवरून ग्राहकाला यातील फारसे काही कळत नाही. विक्रेत्याला वस्तूची जी माहिती असते, ती ग्राहकाला नसते. अशा विषम माहितीचा बाजारावरील परिणाम जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने स्पष्ट केला. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. हातमोज्यांच्या बाबतीत ही दरी बिनखर्चाने कमी करता येते. मोजा ओठांशी धरून फुंकर मारावी. पलीकडे हवा लागली तर वाराही शिरणारच. मोजा घालून दुकानाबाहेरच ब्रेक दाबून पाहावा.

लोकरी होजिअरी आणि सायकली या दोन्ही उद्योगांचे देशातील मोठे केंद्र एकच आहे, ते म्हणजे लुधियाना. २०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योगाबाहेरील कामगारांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने कामावर जात. वृत्तपत्रे वाटणारा किंवा रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी यांच्यासाठी हातमोजे हे कामाचेच साधन होय. गणवेश देणाऱ्या मालकाने त्यात हातमोज्यांचा एक जोड वाढविणे काही फार खर्चाचे नाही.