एका फोटोवरून काढलेली माणसं

फरी लुईस यांनी १९२२ पासून १९६६ पर्यंत मेम्फिस शहराचे रस्ते झाडले. तरुणपणी रेल्वेच्या अपघातात एक पाय गेलेला, नोकरी सफाई खात्यातली. मध्येच १९२७ ते १९२९ या काळात त्यांनी गिटारवर ब्लूज गाऊन काही रेकॉर्ड दिल्या. लगेच मंदी आली आणि रेकॉर्ड खपेनाशा झाल्या. झाडू मात्र सुटला नव्हता. १९५९ साली सॅम्युएल चार्टर्स या अभ्यासकानं त्यांना शोधून काढलं. मग जॉनी कार्सनचा टीव्ही शो झाला, बर्ट रेनॉल्ड्सबरोबर एका सिनेमात भूमिका झाली. १९८० साली त्यांचं चित्र छत्तीस कार्डांच्या एका पेटीत आलं, तेव्हा ते हयात होते. पेटीतल्या बहुतेकांच्या नशिबी एवढंही नव्हतं.

पेटीचं नाव ‘हीरोज ऑफ द ब्लूज’. चित्रं रॉबर्ट क्रंबची, मागचा मजकूर स्टीफन काल्टचा, प्रकाशक न्यूयॉर्कची याझू रेकॉर्ड्स. पुढं १९८२ मध्ये जॅझच्या आद्य वादकांची छत्तीस आणि १९८५ मध्ये कंट्री संगीतकारांची चाळीस कार्डं आली. अमेरिकेत पोरं जमवायची त्या बेसबॉलपटूंच्या कार्डांसारखाच हा ऐवज: पुढं चेहरा, मागं चार ओळींत जन्म, मरण आणि पोटापाण्याचा धंदा. २००६ साली तिन्ही संचांचं मिळून पुस्तक निघालं.

क्रंब म्हणजे १९६८ च्या ‘झॅप कॉमिक्स’चा जनक, अश्लील आणि विक्षिप्त व्यंगचित्रांसाठी गाजलेला. त्याच्या त्या काळच्या कॉमिक्समधली एक कृष्णवर्णीय स्त्री इतकी ओंगळ वर्णद्वेषी साच्यातली आहे, की ती आजही त्याला माफ केली जात नाही, आणि करूही नये. त्याच हातानं ही कार्डं काढली याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. इथं एकाही चेहऱ्याची टिंगल नाही. ओठ, नाक, डोळे फोटोत आहेत तेवढेच. कोटाची घडी, टायची गाठ, गिटारच्या खुंट्या या सगळ्यांवर सारखीच मेहनत. याचं कारण मला त्याच्या रेकॉर्डवेडात दिसतं. पोरवयातच तो डेलावेअरमधल्या कृष्णवर्णीय वस्तीत दारोदार जाऊन जुन्या ७८ गतीच्या तबकड्या विकत मागायचा. पुढं याझूच्या निक पर्ल्ससाठी त्यानं रेकॉर्डची मुखपृष्ठं काढली, तीही तबकड्यांच्या बदल्यात. आवाज आधी कानात मुरलेला, चेहरा नंतर हाती आला. त्यामुळं टिंगल करायला जागाच उरली नसावी.

चेहरा मिळणं हीच खरी अडचण होती. १९२० साली मॅमी स्मिथचं ‘क्रेझी ब्लूज’ धडाक्यात खपल्यावर कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ काढायला सुरुवात केली. त्यातली पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्यांच्या कारखान्याची उपशाखा. कारखाना फोनोग्राफची कपाटं बनवायचा आणि कपाटं खपावीत म्हणून रेकॉर्ड काढायचा. असल्या मालकाला गायकाचा फोटो जाहिरातीपुरता लागणार, तो जपून कोण ठेवणार?

चार्ली पॅटनचंच पाहा. मिसिसिपी डेल्टाच्या ब्लूजचा हा आद्य पुरुष १९२९ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाला आणि १९३४ मध्ये वारला. क्रंबनं त्याला काढलं तेव्हा जगाला त्याचा फक्त चेहऱ्याचा फोटो ठाऊक होता. गिटारसह बसलेल्या पॅटनचा पूर्ण फोटो २००२ मध्ये एका रेकॉर्डसंग्राहकाला सापडला. अटलांटाचा रॉबर्ट हिक्स बार्बेक्यूच्या हॉटेलात आचारी होता. कोलंबिया कंपनीनं त्याला ‘बार्बेक्यू बॉब’ केलं आणि जाहिरातीसाठी आचाऱ्याच्याच कपड्यांत, हातात गिटार देऊन फोटोसमोर उभं केलं. १९३१ मध्ये न्यूमोनियानं गेला तेव्हा तो तिशीतही नव्हता. त्याच शहरातल्या पेग लेग हॉवेलचा एक पाय भांडणात लागलेल्या गोळीमुळं गेला होता. १९६३ मध्ये चाहते त्याच्या दारात पोचले, तोवर मधुमेहानं दुसराही नेला होता.

जॅझच्या पेटीत किंग ऑलिव्हर आहे, लुई आर्मस्ट्राँगचा गुरू. हिरड्या बिघडल्या, बँड मोडला आणि अखेर सॅव्हानातल्या एका बिलियर्ड्सच्या अड्ड्यावर झाडलोट करत तो १९३८ मध्ये मेला. याउलट ब्लूजच्या पेटीतला स्किप जेम्स: १९३१ च्या त्याच्या रेकॉर्ड जवळजवळ कुणी घेतल्या नाहीत. १९६४ मध्ये तरुण गिटारवादकांनी त्याला ट्यूनिकाच्या इस्पितळात गाठलं. नंतर ‘क्रीम’ या ब्रिटिश बँडनं त्याचं एक गाणं गायलं, त्याच्या रॉयल्टीतून आजारी जेम्सचा औषधोपचार निघाला.

हे तपशील घरबसल्या मिळालेले नाहीत. गेल डीन वॉर्डलो हा ब्लूजचा अभ्यासक मिसिसिपीत दारं ठोठावत फिरला. सरकारी दप्तरातून त्यानं मृत्यूचे दाखले काढले, ब्लूजगायक रॉबर्ट जॉन्सनचा दाखलाही त्यानंच शोधला. काल्ट आणि तो, दोघांनी मिळून १९८८ मध्ये पॅटनचं चरित्र लिहिलं. क्रंबच्या रेघेमागं ही पायपीट उभी आहे. नुसत्या चित्रांना एवढं मोल आलं नसतं.

आपल्याकडं ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यात ध्वनिमुद्रण करून गेला, म्हणजे आपला ऐवज या अमेरिकन कलावंतांपेक्षा जुना. भास्करबुवा बखल्यांसारख्यांचा आवाज उरलाच नाही. पण बाई सुंदराबाईंसारख्या गायिकांच्या तबकड्या आहेत, प्रभातच्या ‘माणूस’ या चित्रपटात सुंदराबाई दिसतातही. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सनं आणि डॉ. सुरेश चांदवणकरांनी तबकड्यांची माहिती वर्षानुवर्षं गोळा केली आहे. लावणीवाल्या, नकलाकार, सोंगाडे, संगीत नाटकांतले दुय्यम नट यांची अशी एक पेटी मराठीत सहज होईल. चित्रकार आपल्याकडं कमी नाहीत, दिवाळी अंक तर आहेतच. वाचकांच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्डची पाकिटं, ग्रामोफोन कंपन्यांची सूचिपत्रकं, नाटकांच्या जाहिराती पडलेल्या असतील, तर दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नका. आधी एखाद्या संग्राहकाला दाखवा.