ॲबट्स ब्रॉम्लीचे शृंगनृत्य

इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्डशर परगण्यात, ॲबट्स ब्रॉम्ली ह्या खेड्यात, प्रतिवर्षी सप्टेंबरमध्ये होणारे पारंपरिक लोकनृत्य. रेनडिअरच्या शिंगांच्या सहा जोड्या खांद्यावर घेऊन दिवसभर गावातून व आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून नाचत फिरणे, हे त्याचे मुख्य स्वरूप होय. ४ सप्टेंबरनंतर येणाऱ्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ६ ते १२ सप्टेंबर यांदरम्यानच्या सोमवारी, ते होते. ह्या दिवसास ‘वेक्स मंडे’ असे म्हणतात. ‘वेक’ म्हणजे मुळात चर्चच्या वार्षिक उत्सवाच्या आदल्या रात्रीचा जागर; पुढे गावजत्रा व तिची सुटी ह्या अर्थाने तो शब्द रूढ झाला.

नृत्यपथकात बारा जण असतात : शिंगे वाहणारे सहा नर्तक, विदूषक, धनुर्धारी, काठघोडेवाला, ‘मेड मॅरियन’ ही स्त्रीभूमिका व दोन वादक. मेड मॅरियनची भूमिका परंपरेने पुरुषच स्त्रीवेष धारण करून वठवितो. काठघोडा म्हणजे कमरेभोवती बांधलेली घोड्याची आकृती. गोव्यातील शिगम्यातल्या घोडेमोडणीची तिच्यावरून सहज आठवण होते. घोड्याचा लाकडी जबडा आणि धनुष्यावर आपटणारा बाण ह्यांच्या टकटकीने ताल धरला जातो. मेलोडियन ही हातपेटी व त्रिकोण ही वाद्ये साथीला असतात. आजचा रंगीत पोशाख मात्र प्राचीन नाही. तो १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात तयार करण्यात आला.

शिंगे वर्षभर गावातील सेंट निकोलस चर्चमध्ये टांगलेली असतात. वेक्स मंडेच्या सकाळी आठच्या सुमारास ती बाहेर काढली जातात. पथक शेतवाड्यांवर, घरांपुढे व मद्यगृहांपुढे नाचत दुपारच्या सुमारास बॅगट घराण्याच्या ब्लिथफील्ड हॉल ह्या वाड्याशी पोहोचते आणि संध्याकाळी गावात परतते. ही फेरी सु. १६ किमी. वा त्याहून अधिक असते. पथक दारी येणे शुभ मानले जाते. रात्री शिंगे पुन्हा चर्चमध्ये ठेवली जातात. इतरत्र नृत्य करावयाचे असल्यास दुसरी शिंगे वापरतात. मूळ शिंगे गावाबाहेरच्या कार्यक्रमांस नेण्याचा प्रघात नाही.

नृत्याची रचना साधी आहे. प्रथम सर्वजण एका रांगेत वळणे घेत वर्तुळ करतात. नंतर शिंगे धारण करणाऱ्यांच्या तिघातिघांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एका रांगेची शिंगे पांढरी, तर दुसरीची तपकिरी रंगविलेली असतात. झुंज द्यावी तशी शिंगे खाली करून दोन्ही रांगा पुढे सरकतात, मागे हटतात व अखेरीस एकमेकींतून पार होऊन जागा बदलतात. प्रत्येक जोडी लाकडी हरणमुखावर बसविलेली असून तिचे वजन सु. ७ ते ११ किग्रॅ. असते. त्यामुळे हे नृत्य चपळाईपेक्षा सहनशक्तीचीच अधिक कसोटी पाहते.

शृंगनृत्याच्या प्राचीनतेविषयी बरेच लिहिले गेले आहे. १९७६ मध्ये शिंगांची कार्बन-कालमापनाने परीक्षा करण्यात आली, तेव्हा ती अकराव्या शतकाच्या सुमाराची असल्याचे दिसून आले. त्या काळी इंग्लंडमध्ये रेनडिअर नव्हते. त्यामुळे शिंगे बहुधा स्कँडिनेव्हियातून आणली गेली असावीत. ती ह्या गावी केव्हा व कशी आली, ह्याचा लेखी पुरावा नाही. ह्या कालनिर्णयावरून नृत्यही हजार वर्षांचे आहे, असे अनुमान काढणे मात्र युक्त नाही. कारण वस्तूचे वय आणि तिच्याशी निगडित प्रथेचे वय ह्या दोन भिन्न गोष्टी होत. शिंगांसह नृत्याचे पहिले ज्ञात वर्णन रॉबर्ट प्लॉट ह्याच्या स्टॅफर्डशरच्या निसर्गेतिहासावरील ग्रंथात (१६८६) आढळते. त्यात ‘काठघोड्याचे नृत्य’ असे नाव असून ते नाताळच्या दिवसांत होत असे. घोडा व धनुष्य एकाच व्यक्तीकडे असत. तीन शिंगजोड्या पांढऱ्या व तीन तांबड्या असून त्यांवर पॅजेट, बॅगट व वेल्स ह्या प्रमुख घराण्यांची चिन्हे रंगविलेली होती.

प्लॉटच्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाचा भाग प्रथेच्या प्रयोजनाविषयीचा आहे. गावातील चारपाच प्रतिष्ठित पाळीपाळीने एक भांडे सांभाळीत व केक आणि एल (एक प्रकारची बिअर) पुरवीत. गावकरी व पाहुणे त्यासाठी पैसे देत. खर्च वजा जाता उरलेल्या रकमेतून चर्चची डागडुजी व गावातील गोरगरिबांचा सांभाळ होई. म्हणजे हे नृत्य केवळ मनोरंजन नसून सार्वजनिक वर्गणी गोळा करण्याचे साधन होते. प्लॉट त्याचा उल्लेख लोकांच्या स्मरणातील, पण बंद पडलेली प्रथा म्हणून करतो. ह्यावरून सतराव्या शतकात तिच्यात खंड पडला होता, हे उघड आहे. पुढे तिचे पुनरुज्जीवन झाले व ती नाताळाऐवजी सप्टेंबरच्या जत्रेशी जोडली गेली. सेसिल शार्प ह्या लोकसंगीतसंग्राहकाने १९११ मध्ये तिचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले.

ख्रिस्तपूर्व शिकारविधी, सुफलताविधी किंवा वनातील शिकारीच्या हक्काचे प्रतीक अशा विविध उपपत्ती मांडण्यात आल्या आहेत. तथापि त्यांपैकी एकीसही समकालीन पुराव्याचा आधार नाही. ऋतू, वेष, रंग, पात्रे व प्रयोजन ही सर्व बदलूनही शिंगांच्या सहा जोड्या व त्या वाहणारी माणसे ही मूळ चौकट टिकून राहिली. अखंड प्राचीनतेपेक्षा, खंडानंतरही आपली प्रथा पुन्हा उचलून धरणाऱ्या ग्रामसमाजाची साक्ष म्हणूनच ह्या नृत्याचे महत्त्व अधिक आहे.